अर्जाकडून बंडाकडे : तेरा वसाहतींची तेरा वर्षे

इ. स. १७७३ च्या डिसेंबर महिन्यातील १६ तारखेची रात्र. अमेरिकेतील बोस्टन बंदरात धक्क्याला लागलेल्या तीन जहाजांवर काही माणसे चढली. आपण ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्यापैकी कित्येकांनी तेथील मूळच्या रहिवाशांसारखा वेष घेऊन तोंडे काळी केली होती. थोड्या तासांत त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या फोडल्या आणि त्यांतील चहा समुद्रात ओतून टाकला. हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. ही हकीकत शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेली आहे. कर वाढविल्यामुळे लोक चिडले व त्यांनी चहा बुडविला, अशीच समजूत बहुतेकांच्या मनात रुजलेली असते.

पण या समजुतीत एक मोठी अडचण आहे. त्या वर्षी पार्लमेंटने अमेरिकेतील चहावरचा कर वाढविलेलाच नव्हता. तो पूर्वीइतकाच, पौंडामागे तीन पेन्स, होता. एवढेच नव्हे, तर नव्या कायद्यामुळे चहा पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता. मग शहाण्या, व्यवहारी, पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापारी गावाने स्वस्त झालेला माल बुडवावा, आणि त्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांत आपल्याच राजाच्या शिपायांवर बंदुका झाडाव्या, हे घडले कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

इ. स. १७६३ मध्ये सात वर्षांचे युद्ध संपले. फ्रेंचांचा पराभव होऊन कॅनडा इंग्लंडच्या पदरात पडला. त्या वेळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरा वसाहतींतील लोक स्वतःला इंग्रज म्हणवून घेण्यात धन्यता मानीत. तिसऱ्या जॉर्ज राजाचा वाढदिवस तेथे थाटाने साजरा होई. वसाहतींची वस्ती वीस-पंचवीस लाखांच्या घरात होती, आणि त्यांतील सुमारे पंचमांश लोक आफ्रिकेतून आणलेले गुलाम किंवा त्यांची संतती होती. प्रत्येक वसाहतीत लोकांनी निवडलेली सभा असे. मत देण्याचा अधिकार मालमत्ता असलेल्या पुरुषांनाच होता, तरी तेथील जमिनीची विपुलता पाहता असे पुरुष पुष्कळ होते. कर बसवावयाचा तो या सभेने. बहुतेक वसाहतींत राजाने नेमलेल्या गव्हर्नराचा पगारही हीच सभा मंजूर करी. ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती लगाम, ही गोष्ट या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होती. लंडन तीन हजार मैलांवर होते. शिडाच्या जहाजाला एका बाजूचा प्रवास करण्यास दीड-दोन महिने सहज लागत. हे अंतरच वसाहतींचे खरे स्वातंत्र्य होते. कायदे लंडनमध्ये होत, पण त्यांची धार समुद्र ओलांडेपर्यंत बोथट होऊन जाई.

आता लंडनची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. युद्धाने इंग्लंडच्या डोक्यावरील कर्ज तेरा कोटी पौंडांच्या आसपास नेऊन ठेवले होते. इंग्लंडातील करदाता वाकून गेला होता. अमेरिकेच्या रक्षणासाठी तेथे कायम फौज ठेवावयाची, तर तिच्या खर्चाचा काही भाग अमेरिकेने सोसावा, हे म्हणणे प्रथमदर्शनी अन्याय्य वाटत नाही. म्हणून १७६५ च्या मार्च महिन्यात पार्लमेंटने स्टँपाचा कायदा केला. दस्तऐवज, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगे, इतकेच काय पण खेळण्याचे पत्ते, या सर्वांना सरकारी छापाचा कागद सक्तीचा झाला. कर फार मोठा नव्हता. परंतु तो नेमका वकील, छापखानदार आणि व्यापारी यांच्यावर पडला, म्हणजे ज्यांना लिहिता, बोलता आणि लोकांना जमविता येते अशांवर. शिवाय कायदा मोडणाऱ्याचा खटला ज्यूरीशिवाय चालणाऱ्या आरमारी न्यायालयात नेण्याची सोय त्यात होती.

वसाहतवाल्यांचा आक्षेप रकमेवर नव्हता. आमचे प्रतिनिधी पार्लमेंटात नाहीत, म्हणून आमच्या खिशात हात घालण्याचा अधिकार पार्लमेंटाला नाही, असा तो होता. त्यावर लंडनचे उत्तर असे की, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम ही गावेही पार्लमेंटात प्रतिनिधी पाठवीत नाहीत, तरी पार्लमेंट त्यांचेही हित पाहतेच. हे उत्तर तर्कदृष्ट्या चतुर होते, पण माणसाला पटेल असे नव्हते. मँचेस्टरवर अन्याय होतो म्हणून बोस्टनवरही व्हावा, एवढाच त्याचा अर्थ वसाहतवाल्यांनी घेतला.

प्रतिकाराची पहिली पायरी अर्जाची होती. १७६५ च्या ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी राजाला व पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांना अत्यंत नम्र भाषेत अर्ज लिहिले. पण त्याच सुमारास अर्जापेक्षा वेगळे असे दोन मार्ग लोकांना सापडले होते. ऑगस्टमध्ये बोस्टनच्या जमावाने स्टँप विकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला, त्याच्या घरावर चाल केली, आणि त्याने जागेचा राजीनामा देण्याचे कबूल केले. काही दिवसांनी लेफ्टनंट गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे घर जमावाने पार उद्ध्वस्त केले. असेच प्रकार इतरत्र झाले, आणि १ नोव्हेंबरला कायदा लागू होण्याची वेळ आली तेव्हा स्टँप विकण्यास जवळजवळ कोणी उरला नव्हता. दुसरा मार्ग व्यापाऱ्यांचा. त्यांनी इंग्लंडचा माल मागविणे बंद केले. त्यामुळे इंग्लंडातील व्यापारी व कारखानदार घाबरले आणि त्यांनीच पार्लमेंटकडे धाव घेतली. १७६६ च्या मार्चमध्ये कायदा रद्द झाला.

या घटनेतून दोन्ही पक्षांनी जो धडा घेतला, त्यात पुढील सर्व अनर्थाचे बीज आहे. वसाहती हे शिकल्या की, अर्जाने जे होत नाही ते बहिष्काराने होते. आणि पार्लमेंटने माघार घेताना, त्याच दिवशी, आणखी एक कायदा केला. वसाहतींना कोणत्याही बाबतीत बंधनकारक होतील असे कायदे करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असे त्यात ठणकावून सांगितले होते. बोस्टनने विजयाच्या दिवाळीत तो कागद नीट वाचला नाही. लंडनने मात्र तो जपून ठेवला.

दुसऱ्याच वर्षी, १७६७ मध्ये, अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसविली. येथे रकमेपेक्षा महत्त्वाचा होता तो या पैशाचा विनियोग. या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार द्यावयाचे, असा बेत होता. वर आपण पाहिले की गव्हर्नराचा पगार सभेच्या हाती होता. तो परभारे मिळू लागला की सभेचा लगाम आपोआप गळून पडणार होता. लोकसभा शिल्लक राहील, पण तिला विचारण्याचे कारण कोणाला उरणार नाही. या कराची खरी नांगी होती ती ही.

पुन्हा बहिष्कार सुरू झाला. या खेपेस तो व्यापाऱ्यांच्या पेढीतून स्वयंपाकघरात शिरला. बायकांनी चरखे काढले आणि घरच्या सुताचे जाडेभरडे कापड अंगावर घालणे ही अभिमानाची गोष्ट ठरली. बहिष्कार या शब्दाचे सामर्थ्य आपल्या देशाने पुढे १९०५ नंतर अनुभवले. ज्याला निवडून देण्याचा हक्क नाही, सभेत बोलण्याची मुभा नाही, त्यालाही न विकत घेण्याचा हक्क असतोच.

लंडनने १७६८ मध्ये बोस्टनला फौज पाठविली. सुमारे सोळा हजार वस्तीच्या गावात शिपायांचा तळ पडला, म्हणजे रोजच्या कुरबुरी आल्याच. १७७० च्या मार्चच्या ५ तारखेला जमावाने शिपायांवर बर्फाचे गोळे आणि दगड फेकले. शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसे प्राणास मुकली. त्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स हा मिश्र वंशाचा खलाशी होता. येथे एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. या शिपायांचे वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्स यांनी घेतले, आणि तेच पुढे स्वातंत्र्याचे खंदे पुरस्कर्ते व देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. वसाहतीतल्याच ज्यूरीने कप्तानाला व सहा शिपायांना निर्दोष सोडले. दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल हातावर डाग देऊन मोकळे केले. म्हणजे १७७० मध्येसुद्धा या लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडालेला नव्हता. योगायोग असा की, ५ मार्चलाच लंडनमध्ये मुख्य प्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी बाकीच्या सर्व जकाती उठविण्याचा ठराव मांडला होता. चहावरची तेवढी ठेवली. उत्पन्नासाठी नव्हे, तर हक्क शाबूत राहावा म्हणून.

यानंतर दोन-तीन वर्षे शांततेची गेली. ती पुढेही टिकली असती. पण १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नराचा आणि न्यायाधीशांचा पगार आता जकातीच्या उत्पन्नातून मिळणार, ही बातमी फुटली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सॅम्युएल अ‍ॅडम्स यांच्या पुढाकाराने बोस्टनने एक पत्रव्यवहार समिती नेमली. गावोगावी पत्रे लिहावयाची, आपल्या तक्रारी कळवावयाच्या, त्यांच्या मागवावयाच्या, इतकेच तिचे काम. लवकरच इतर गावांत आणि मग इतर वसाहतींत अशा समित्या उभ्या राहिल्या. तोवर प्रत्येक वसाहत लंडनशी बोलत असे, शेजारणीशी नाही. आता त्या एकमेकींशी बोलू लागल्या.

आणि आता आपण चहाकडे परत येऊ. ईस्ट इंडिया कंपनी १७७२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. बंगालची दिवाणी तिच्या हाती होती, पण १७७० च्या भयंकर दुष्काळाने बंगाल उजाड झाला होता, आणि लंडनच्या वखारींत चीनहून आणलेला चहा न विकता साचून पडला होता. पार्लमेंटने १७७३ मध्ये कंपनीला सावरण्यासाठी जे कायदे केले त्यांतला एक आपल्या इतिहासात रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने कलकत्त्याला गव्हर्नर जनरल आणला. दुसरा चहाचा. त्याने कंपनीला इंग्लंडातील जकात परत देऊन, आपल्या निवडक अडत्यांमार्फत अमेरिकेत थेट चहा विकण्याची मुभा दिली. एकाच कंपनीच्या तिजोरीसाठी एकाच वर्षी केलेल्या दोन कायद्यांनी दोन खंडांचे भवितव्य बदलले. अमेरिकेत काही लोकांना हा संबंध दिसत होता. फिलाडेल्फियाचे जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रकात, कंपनीने बंगालमध्ये काय केले ते पाहा आणि मग तिला दार उघडा, अशा आशयाचा इशारा दिला होता.

आता सुरुवातीच्या कोड्याचा उलगडा होतो. स्वस्त चहा हे आमिष होते. लोक तो घेतील, घेताना तीन पेन्स भरतील, आणि इतकी वर्षे नाकारलेला पार्लमेंटाचा हक्क चहाच्या घोटाबरोबर गिळतील, अशी भीती होती. चहा महाग असता तर तो घेऊ नका म्हणून सांगण्याची गरज पडली नसती. तो स्वस्त होता म्हणूनच धोक्याचा होता. शिवाय कंपनीचे अडते सोडून बाकीच्या व्यापाऱ्यांना, आणि चोरट्या चहावर ज्यांची भरभराट चालली होती त्यांनाही, तो बुडविणार होता. हेतू सर्वांचे सारखेच शुद्ध होते असे आम्ही म्हणत नाही. इतिहासात तसे क्वचितच असते.

बोस्टनने शेवटपर्यंत चहा परत पाठविण्याचा प्रयत्न केला. नियम असा होता की, वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त व्हावयाचा. आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सन यांनी जकात भरल्यावाचून जहाजे सोडण्यास नकार दिला. मुदतीच्या आदल्या दिवशी हजारो लोक सभागृहात जमले, एका जहाजाच्या मालकाला परवान्यासाठी गव्हर्नराकडे पाठविले आणि संध्याकाळपर्यंत त्याची वाट पाहिली. तो नकार घेऊन परतला, आणि मग लोक धक्क्याकडे निघाले.

नुकसान नऊ हजार पौंडांवर होते. त्याची भरपाई मागून प्रकरण मिटविता आले असते. त्याऐवजी पार्लमेंटने १७७४ मध्ये शिक्षेचे कायदे केले. बोस्टन बंदर १ जूनपासून बंद झाले, म्हणजे ज्यांनी चहा बुडविला त्यांच्याबरोबर ज्यांनी बुडविला नाही त्यांचाही रोजगार गेला. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून वरिष्ठ मंडळ राजाने नेमावयाचे ठरले, आणि गव्हर्नराच्या परवानगीशिवाय गावसभा भरविण्यास बंदी आली. सरसेनापती टॉमस गेज हेच गव्हर्नर झाले. हेतू असा की एका वसाहतीला धडा दिला की बाकीच्या घाबरतील. झाले उलटेच. दक्षिण कॅरोलिनाने तांदूळ पाठविला, शेजारच्या कनेक्टिकटमधून मेंढ्या आल्या. एकाची सनद फाडता येते तर आपलीही फाटेल, हे बाराही वसाहतींना कळले.

१७७४ च्या ५ सप्टेंबरला फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस भरली. जॉर्जिया तेवढी आली नाही. तिनेही राजाला अर्ज लिहिला. पण तिचे खरे कार्य वेगळेच होते. १ डिसेंबरपासून इंग्लंडच्या मालावर बहिष्कार घालावा, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी प्रत्येक गावात व परगण्यात समिती निवडावी, असे तिने ठरविले. या समित्या दुकानांचे हिशेब तपासू लागल्या, बहिष्कार मोडणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत छापू लागल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये नव्या कायद्याने बसविलेली न्यायालये लोकांनी उघडूच दिली नाहीत. वूस्टर गावी सप्टेंबरात चार हजारांवर नागरी सैनिक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले, आणि न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना त्या रांगांमधून चालत, आपली माघार पुन्हा पुन्हा वाचून दाखवावी लागली. एकही गोळी सुटली नाही. परंतु त्या दिवशी बोस्टनबाहेर राजाची सत्ता संपली होती. लोक ज्याची आज्ञा पाळतात तेच सरकार, या कसोटीने पाहिले तर बंड येथेच पुरे झाले. लढाई नंतर आली.

या चित्राला काळी बाजू आहे, ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समितीविरुद्ध बोलणाऱ्यांच्या अंगाला डांबर फासून वर पिसे चिकटविली जात, त्यांची धिंड काढली जाई. गोऱ्या वस्तीतील सुमारे पंचमांश लोक शेवटपर्यंत राजनिष्ठ राहिले असे इतिहासकार मानतात, आणि पुढे त्यांच्यापैकी हजारोंना घरदार सोडून जावे लागले. ते सगळेच खुशमस्करे नव्हते. पार्लमेंट चुकते आहे हे मान्य असूनही शस्त्र उचलणे ज्यांना पाप वाटले, असेही त्यांत होते.

१७७५ च्या १९ एप्रिलला, काँकॉर्ड येथे साठविलेला दारूगोळा जप्त करण्यासाठी गेज यांनी सुमारे सातशे शिपाई पाठविले. पहाटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर सत्तरएक गावकरी बंदुका घेऊन उभे होते. पहिली गोळी कोणी झाडली हे आजतागायत ठरलेले नाही. आठ गावकरी पडले. काँकॉर्डच्या पुलावर मात्र गावकऱ्यांनी शिपायांना मागे रेटले, आणि परतीच्या वाटेवर दगडी कुंपणांआडून त्यांच्यावर मारा झाला. दिवसअखेर राजाच्या फौजेचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून २७३ झाले. वसाहतींचे सुमारे ९५.

आपल्याला वाटेल की यानंतर अर्जाचा प्रश्नच उरला नसेल. पण माणसाचे मन इतक्या सहजासहजी आपली निष्ठा सोडीत नाही. काँग्रेसने जूनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांना सेनापती नेमले, बंकर टेकडीवर राजाच्या फौजेचे हजारावर लोक मेले वा जखमी झाले, आणि जुलैमध्ये त्याच काँग्रेसने राजाला आणखी एक नम्र अर्ज लिहिला. समोर उभ्या असलेल्या फौजेला हे लोक राजाची फौज म्हणत नसत, प्रधानांची फौज म्हणत. धनी चांगला, कारभारी वाईट, ही समजूत प्रजेच्या मनात फार खोलवर असते. ती मोडणे प्रजेला जमले नाही. ते काम राजाने स्वतः केले. अर्ज लंडनला पोहोचला तेव्हा तिसऱ्या जॉर्जने तो स्वीकारलाच नाही, आणि २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. ऑक्टोबरात आरमाराने फॉलमथ हे गाव जाळले. पुढे लढाईसाठी जर्मन संस्थानिकांकडून भाड्याची फौज घेतल्याची बातमी आली. १७७६ च्या जानेवारीत, इंग्लंडहून येऊन जेमतेम चौदा महिने झालेल्या टॉमस पेन यांनी एक लहानशी पुस्तिका लिहिली आणि तीत राजाविषयीचा हा भ्रम साध्या माणसाच्या भाषेत फोडला. बेटाने खंडावर राज्य करावे कशासाठी, हा त्यांचा सवाल गावोगाव वाचला गेला. ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. त्यातील दोषारोपांचा मोठा भाग राजावर आहे, याचे कारण आता आपल्या ध्यानात येईल.

सर्व माणसे समान आहेत असे सांगणारा हा जाहीरनामा लिहिणारे टॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे धनी होते. १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या गव्हर्नराने बंडखोरांच्या गुलामांना, राजाच्या बाजूने लढल्यास स्वातंत्र्य देऊ असे जाहीर केले, तेव्हा शेकडो गुलाम त्याच्याकडे पळाले. त्यांच्यापुरते स्वातंत्र्य राजाच्या छावणीत होते. त्या देशातून गुलामगिरी जाण्यास १८६५ साल उजाडावे लागले.

या युद्धाचे धागे पुण्यापर्यंत आले होते. १७७५ ते १७८२ याच वर्षांत कंपनी राघोबादादांची बाजू घेऊन मराठ्यांशी लढत होती. १७७७ मध्ये फ्रान्सचा वकील सेंट लुबिन नाना फडणविसांकडे येऊन राहिला, आणि १७७९ च्या आरंभी वडगावला इंग्रज फौजेला नमते घ्यावे लागले. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याने शरणागती पत्करली, तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. अमेरिकेत गमावलेले साम्राज्य हिंदुस्थानात पक्के करण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि ते त्याने चोख केले. एका देशाच्या सुटकेने दुसऱ्याच्या बेड्या कशा घट्ट होऊ शकतात, याचे हे उदाहरण आहे.

तात्पर्य, तीन पेन्सांसाठी कोणी रक्त सांडले नाही. आपल्याला विचारल्याशिवाय आपल्याविषयी ठरविले जाते, हे ज्यांना दहा वर्षे डाचत होते, त्यांनी दरम्यान एकमेकांना पत्रे लिहिली, समित्या निवडल्या, कज्जे आपसांत मिटविले, आणि नकळत दुसरे सरकार उभारले. या तेरा वर्षांत लंडनला मागे फिरण्याची संधी अनेकदा आली. फेटाळलेल्या अर्जाचे दुःख माणूस गिळतो. अर्ज उघडूनसुद्धा पाहिला जात नाही हे कळले, म्हणजे तो पुढचा अर्ज लिहीत नाही.